तीस लाल दिवस

डेल हकाबीला नेलं तो ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. हेमांगी टिपणीस दिवाणखान्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेर गाडीची दारं लागल्याचा आवाज आला म्हणून तिने मान वर केली. शेजारच्या घरासमोर पांढरी गाडी उभी होती आणि फिकट निळी जाकिटं घातलेली दोन माणसं डेलच्या पायऱ्या चढत होती. एकाच्या हातात सफरचंदांची टोपली होती.

सफरचंदांची टोपली म्हणजे 'कुशलभेट', हे विलोबेंडमध्ये आता शेंबड्या पोरालाही कळत होतं. पहिल्या भेटीला टोपली आणि गोड बोलणं, दुसऱ्या भेटीला अर्ज आणि सही, तिसऱ्या भेटीला माणूस गाडीत. डेलची ही तिसरी भेट होती.

डेल एकाहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने याच गावात प्लंबिंगचं काम केलं होतं. सरकार आपला फोन ऐकतं हे तो हेमांगी इथे राहायला आली तेव्हापासून सांगत असे, आणि ती हसून मान डोलावत असे. मार्च महिन्यात त्याने स्वतःच्या हाताने अंगण खणलं, घराची सांडपाण्याची नळी कापली, तिचं तोंड सिमेंटने बंद केलं आणि मागे लाकडी संडास उभा केला. कुंपणावरून तो तिला म्हणाला होता, "डॉक, चाळीस वर्षं फोन ऐकत होते ते मी चालवून घेतलं. आता संडासाला कान लावून बसलेत. इथे माझी हद्द झाली."

आता तो दोघांच्या मधोमध चालत पायऱ्या उतरला. आरडाओरडा केला नाही. गाडीत बसण्याआधी त्याने वळून गल्लीतल्या प्रत्येक घराकडे एकेक करून पाहिलं. कुठलंही दार उघडलं नाही. समोरच्या घराचा पडदा हलला आणि स्थिर झाला. हेमांगीच्या हातात श्रीरंगचा शर्ट होता. त्याची तिने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मागे चाहूल लागली. तिचा नवरा श्रीरंग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने खिडकीतून डेलकडे पाहिलं, मग हेमांगीकडे पाहिलं आणि तो परत वर गेला.

विलोबेंड हे ओहायो राज्यातलं नदीकाठचं चाळीस हजार वस्तीचं गाव. हेमांगी तिथल्या पाणी खात्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. मूळची पेणची, शिक्षण मुंबईचं, आणि संशोधन सांडपाण्यावरचं. 'हिची अक्कल गटारात चालते,' असं तिचे सासरे कौतुकाने म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. गावातल्या माणसांना काय झालंय हे त्यांच्या डॉक्टरांच्या आधी गावाच्या गटाराला कळतं. साथीचे विषाणू, चोरून घेतलेली औषधं, सगळं तिथे येऊन पडतं. आणि सहा वर्षांपूर्वी हेमांगीने दाखवून दिलं की भीतीही तिथे येऊन पडते.

माणूस घाबरला की त्याच्या रक्तात काही रसायनं उसळतात. त्यातल्या एकाचे तुकडे अर्ध्या तासात लघवीतून बाहेर पडू लागतात, दुसऱ्याचे अर्धा दिवस पडत राहतात. ते पकडायला डीएनएच्या आखूड धाग्यांचा एक पापुद्रा वापरतात. हवा तो रेणू येऊन चिकटला की धागा मुडपतो आणि त्यातून जाणारा विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह बदलतो. बस, एवढंच. अडचण एकच होती: कुणी अर्धा तास अंघोळ केली की पाण्यात सगळं विरून जाई. हेमांगीने त्यावर उपाय काढला. आपल्या स्नायूंमधून क्रिएटिनिन नावाचा पदार्थ दिवसभर जवळजवळ ठरलेल्या प्रमाणात बाहेर पडत असतो. पाण्यात तो किती आहे हे मोजलं की लघवी किती आणि नुसतं पाणी किती हे कळतं, आणि भीतीचा आकडा दुरुस्त करता येतो. या दुरुस्तीला तिचंच नाव मिळालं.

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं, हे ती आजही कुणालाही सांगेल. बॅटरीचा कारखाना बंद पडला तेव्हा गावात तीन महिन्यांत नऊ आत्महत्या झाल्या होत्या. हेमांगीच्या नकाशावर नदीपलीकडचा भाग भीतीच्या आकड्याने लाल झाला. त्या भागात समुपदेशक गेले, फोनची सोय झाली, आणि पुढच्या वर्षभरात एकही आत्महत्या झाली नाही. चर्चमधल्या बायका तिला रस्त्यात थांबवून मिठी मारत.

मग राजधानीत दंगली झाल्या, आणीबाणीचा कायदा आला आणि 'शांतता कार्यालय' नावाचं नवं खातं निघालं. गल्लीपर्यंतचा नकाशा त्यांना पुरेना. त्यांनी प्रत्येक घराची नळी मुख्य वाहिनीला मिळते त्या सांध्यावर पापुद्रे बसवले. अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न हेमांगीच्या दुरुस्तीने आधीच सोडवलेला होता, म्हणून एकेका घराचं मोजमाप शक्य झालं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही तो कशाला घाबरेल? एखादं घर चाळीस दिवसांपैकी तीस दिवस लाल दिसलं की त्याला सफरचंदं जात. आणि डेलसारखं एखादं घर मुळीच काही दाखवत नसेल, तर त्याला सगळ्यांच्या आधी जात.

हेमांगीला इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली होती. ज्या सरकारने रस्ते बांधले, पूल बांधले, त्याच्यावर या लोकांचा इतका राग का, याचं तिला पहिली काही वर्षं नवल वाटे. पेणला लोक सरकारला शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या दारात रांग लावत. इथे शिव्या घालणारा माणूस तळघरात बंदूक आणि सहा महिन्यांचं धान्य ठेवी. तिला ते वेड वाटे. आता ती कुणालाच वेडं म्हणत नव्हती.

सोमवारी सकाळी तिने प्रयोगशाळेत गल्लीचा नकाशा उघडला. तिला वाटलं होतं तसंच होतं: डेलला नेल्यापासून सिकमोर गल्लीतली, त्याचं घर सोडून, सगळीच्या सगळी सतरा घरं लाल झाली होती. पडद्याआडून पाहणारी सगळी माणसं घाबरली होती, आणि त्यांच्या नळ्यांनी ते निमूटपणे सांगून टाकलं होतं. तिचं यंत्र एकाही घराला चुकलं नव्हतं.

तिने दिवस मागे नेले. शुक्रवार. गल्ली हिरवी झाली. एक सोडून.

लाल राहिलेलं घर तिचं होतं.

ती आणखी मागे गेली. गुरुवार लाल. बुधवार लाल. बोटाने मोजत ती मागे मागे जात राहिली. मध्ये तीन दिवस हिरवे होते, मग पुन्हा लाल. एकूण एकोणीस. तिने खोलीचं दार लावून घेतलं. तिच्या हाताखालचे दोघे बाहेर कॉफी घेत हसत होते. त्यांच्याही पडद्यावर हा नकाशा होता.

घरात माणसं तीन. ती स्वतः, श्रीरंग आणि मुक्ता. आकडा रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास चढायला लागे, आठपर्यंत शिखरावर जाई. शनिवारी-रविवारी तो दिवसभर चढलेला असे. संध्याकाळी सहाला घरी कोण येतं? मुक्ता. वीस वर्षांची, कॉलेजात राज्यशास्त्र शिकणारी, जेवताना ताटाऐवजी फोनकडे बघणारी मुक्ता.

"कॉलेजात काही चाललंय का गं?" संध्याकाळी भात वाढताना तिने विचारलं.

"काय चालणार?"

"म्हणजे कुणी काही पत्रकं वगैरे वाटतंय, मोर्चाबिर्चा..."

मुक्ताने चमचा खाली ठेवला. "आई, हे तू विचारतेयस की तुझं ऑफिस?"

"मुक्ता," श्रीरंग हळूच म्हणाला. त्याने डोळे ताटातून वर उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं दुखतंय असं सांगून हेमांगी लवकर घरी आली आणि मुक्ताच्या खोलीत शिरली. कपाट, टेबलाचे खण, गादीखाली, पुस्तकांची पानं. आपण काय शोधतोय हे तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. मिळाला तो शिकागोतल्या एका नोकरीसाठी केलेला अर्ज, न पाठवलेला. तो हातात असताना दारातून आवाज आला.

"सफरचंदं आणायची विसरलीस का?"

मुक्ता बॅग खांद्यावर घेऊन उभी होती. हेमांगी काहीतरी बोलू लागली: काळजी, आकडे, अकरा दिवस उरलेत. मुक्ताने ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तू आमची लघवी तपासतेयस, आई. तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

बुधवारी सकाळी ती मैत्रिणीकडे, डेटनला निघून गेली. श्रीरंग तिला सोडून आला. परत आल्यावर तो हेमांगीला काहीच म्हणाला नाही. मुलीवरून तरी तो भांडेल असं तिला वाटलं होतं.

गुरुवारी कॅरोलिन प्रुएट प्रयोगशाळेत आली. शांतता कार्यालयाची जिल्ह्याची अधिकारी, पंचेचाळीसच्या आसपासची, बारीक केस कापलेली. आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. तिने हेमांगीच्या टेबलावरचा रिकामा कप बाजूला सरकवला आणि समोर बसली.

"सोमवारपासून तुम्ही स्वतःच्या घराचा तक्ता अकरा वेळा उघडलात, डॉ. टिपणीस."

तक्ते उघडणाऱ्यांचीही नोंद होते हे तिला माहीत नव्हतं.

"मी तुम्हाला दोष देत नाही," प्रुएट म्हणाली. "मीही हेच केलं असतं. तिघांपैकी कोण?"

"ते यंत्राला सांगता येत नाही. घराची नळी एकच असते."

"यंत्राला नाही. तुम्हाला." ती उठली. "तुमच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या घरी टोपली पाठवायला मला आवडणार नाही. सोमवारी सकाळी येते. तोपर्यंत मला एक नाव द्या. एकच."

ती गेल्यावर हेमांगी बराच वेळ स्वच्छतागृहाच्या दारापाशी उभी राहिली. आत जावं की नाही हे तिला ठरवता येईना. या इमारतीच्या नळीवरही पापुद्रा होता. तिनेच तो बसवून घेतला होता.

शुक्रवारी तिने तक्ता पुन्हा उघडला, बारावी वेळ. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मुक्ता जाऊन दोन दिवस झाले होते. घर लाल होतं.

म्हणजे मुक्ता नव्हतीच. ती कधीच नव्हती. हेमांगी खुर्चीत मागे रेलली आणि तिला एकदम त्या तीन हिरव्या दिवसांची आठवण झाली. तारखा पाहिल्या. ती तेव्हा कोलंबसला परिषदेसाठी गेली होती. तीन दिवस घरात फक्त मुक्ता आणि श्रीरंग होते, आणि घर शांत होतं. चौथ्या दिवशी ती परतली, त्या संध्याकाळी सहा वाजता आकडा चढला.

सहा वाजता घरी मुक्ता येई हे खरं. पण साडेपाचला ती स्वतः येत होती.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसून वाल सोलत होती. मोड आलेले वाल तिने मुद्दाम भिजत घातले होते. बिरडं करायचं म्हणून नव्हे. हातांना काम असलं की श्रीरंग बोलतो, हे तिला ठाऊक होतं. तो कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायचा. वर्गात अखंड बोलणारा हा माणूस घरात मात्र मोजकं बोले. मधल्या पातेल्यात पांढरे दाणे पडत होते.

"श्रीरंग, आपलं घर लाल आहे. आज पंचविसावा दिवस."

त्याच्या बोटांतला दाणा निसटून जमिनीवर पडला. तो उचलायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"मी मुक्तावर संशय घेतला," ती म्हणाली. "पण ती नाही. तू आहेस. आणि मी घरी नसले की तू घाबरत नाहीस."

त्याने दाणा टेबलावर ठेवला. मग उठून नळ सोडला, पाणी पीत उभा राहिला, आणि पाठमोराच बोलू लागला. बुधवारी आणि शनिवारी शिकवणी आहे असं सांगून तो घराबाहेर पडे, पण शिकवणीला जात नव्हता. चर्चच्या तळघरात तीसेक माणसं जमत. त्यात बंदूकवाले होते, शाळेच्या बाई होत्या, एक निवृत्त पोलीसही होता. इतर वेळी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं. जिल्ह्यात कुणाकुणाला नेलं, कोणत्या तारखेला, कोण परत आलं, कोण नाही, याची ते यादी करत होते. एक वकीलबाई त्यावर दावा दाखल करणार होती. यादी श्रीरंगच्या हस्ताक्षरात होती. दोनशे बारा नावं.

"डेलही त्यात होता," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने नळ बंद केला.

"मी तुम्हाला पकडून दिलं असतं, असं वाटलं तुला?"

"मला माहीत नव्हतं, हेमा."

"सत्तावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"तेच मी स्वतःला सांगत होतो. रोज." तो वळला. त्याचे डोळे भरले होते. "पण तू तिथे काम करतेस. तुझी गाडी दारात वळली की मला धडधडायला लागायचं. तू शेजारी बसून टीव्ही बघायचीस आणि मी विचार करत असे, हिला कळलंय का, ही उद्या जाऊन काय लिहील. डेलला नेलं त्या दिवशी तू खिडकीत उभी राहून माझ्या शर्टची घडी घालत होतीस. मला वाटलं, हिनेच."

हेमांगीला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याच क्षणी तिला हेही जाणवलं की आपला हात वर गेला असता तर तो मागे सरकला असता. गेले पंचवीस दिवस हा माणूस तिच्या शेजारी झोपला होता, तिच्या हातचं जेवला होता, आणि तिला भीत होता. तिच्या यंत्राने ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तिने ओळखलं नव्हतं.

"आता सांगितलंस," शेवटी ती म्हणाली. "आता काय वाटतंय?"

"भीतीच वाटतेय," तो म्हणाला.

पातेल्यातले वाल तिने सोलून संपवले. मग बिरडंही केलं. दोघांनी ते खाल्लं. तो जेवत असताना तिच्या डोक्यात तक्ता फिरत होता. ती घरी नसली की घर हिरवं, ती घरी आली की लाल. या आकड्यांचे दोन अर्थ निघत होते. घरातला कुणीतरी तिला भितो, हा एक. दुसरा जास्त सोपा होता.

सोमवारी नऊ वाजता प्रुएट आली तेव्हा हेमांगी कोट घालून, पर्स घेऊन तयार बसली होती.

"मी," ती म्हणाली. "ती भीती माझी आहे. तक्ता बघा. मी कोलंबसला होते ते तीन दिवस घर हिरवं आहे. मी परतल्यावर लाल. मुलगी गेली तरी लाल. मीच त्या घरातून भीती घेऊन जाते आणि परत घेऊन येते."

प्रुएटने तक्ता पाहिला. तो अगदी चपखल बसत होता. "तुम्ही कशाला घाबरता?"

"या आकड्यांचं तुम्ही काय करता ते मला माहीत आहे म्हणून."

हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते बोलताना तिचा आवाज कापला नाही.

तिला जिल्हा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. खोलीत पलंग, खुर्ची आणि आतच स्वच्छतागृह होतं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. रोज तेच प्रश्न, वेगवेगळ्या माणसांकडून. कुणाला भेटता, काय वाचता, शेजाऱ्याशी कुंपणावरून काय बोलत होतात. खोलीला खिडकी नव्हती. पलीकडच्या भिंतीआड कुणीतरी खोकत असे. एके दिवशी तो खोकला बंद झाला आणि पुन्हा ऐकू आला नाही. तिने त्याबद्दल विचारलं तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याने हसून पाणी पुढे केलं. ती पाणी कमी पिऊ लागली. तिला माहीत होतं की आत घालवलेल्या प्रत्येक तासाची नोंद त्या खोलीच्या नळीवर होत असणार, आणि कुठल्या प्रश्नानंतर आकडा उडी मारतो हे कुणीतरी बघत असणार. तिनेच शिकवलेल्या पद्धतीने.

पाचव्या दिवशी प्रुएट स्वतः आली. तिने एक कागद टेबलावर पसरला.

"तुम्ही इथे आहात," ती म्हणाली. "तुमचं म्हणणं खरं असेल तर तुमचं घर हिरवं व्हायला हवं होतं. हे पाहा."

रेषा सोमवारी दुपारी चढली होती आणि खाली उतरलीच नव्हती. इतकी वर तिने ती कुठल्याही घराची पाहिली नव्हती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकसारखी.

हेमांगी त्या रेषेकडे बघत राहिली. या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही.

"म्हणजे भीती तुमची नव्हतीच. तुमच्या नवऱ्याची होती," प्रुएट म्हणाली. "तो कशाला भितो?"

"आधीचं मी सांगितलं. ती माझी होती," हेमांगी डोळे पुसत म्हणाली. "ही नवी आहे. ही माझ्यासाठी आहे."

"यात फरक काय?"

"यंत्राच्या दृष्टीने काहीच नाही. रेणू तोच. माणूस कुणाला भितो आणि कुणासाठी भितो, हे त्या पापुद्र्याला कळत नाही. आम्ही ते कधी तपासलंच नाही. आमच्या लक्षातच आलं नाही." तिने कागद प्रुएटकडे सरकवला. "तुम्ही एका माणसाला आत आणता आणि त्याचं अख्खं घर लाल होतं. मग त्या घरातल्या पुढच्याला आणता, आणि गल्ली लाल होते. आता गावात हिरवं काय उरलंय ते मला दाखवा."

प्रुएटने कागदाची घडी घातली. गावाचा नकाशा तिने दाखवला नाही.

सुटका झाली ती अकराव्या दिवशी, आणि तिच्या या बोलण्यामुळे मुळीच नव्हे. वकीलबाईने दावा दाखल केला होता आणि श्रीरंगच्या यादीतली नावं एकेक करून न्यायालयात वाचून दाखवली होती. तो स्वतः साक्षीला उभा राहिला, नाव-पत्त्यासकट. न्यायाधीशांनी सहा आठवड्यांची स्थगिती दिली: तोपर्यंत घराच्या आकड्यांवरून कुणाला आणायचं नाही, आणलेल्यांना सोडायचं. पापुद्रे काढा असं मात्र आदेशात कुठेही म्हटलं नव्हतं. आणि डेल हकाबी त्या आदेशात बसत नव्हता. त्याच्या घराचा आकडाच नव्हता, त्यामुळे त्याला आकड्यावरून आणलेलं नव्हतं. तो आतच राहिला.

कागदांवर सह्या घ्यायला प्रुएट आली होती. तिने पर्स परत दिली, घड्याळ परत दिलं. बाहेरच्या दारापर्यंत सोबत आली आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"डॉ. टिपणीस, अधिकाऱ्यांच्या घरांचे तक्ते आम्हाला उघडता येत नाहीत. बंदी आहे." तिचा मऊ आवाज आणखी खाली गेला. "तुम्ही कधी... आमच्या एल्म रस्त्याचा नकाशा तुमच्या पाहण्यात आला असेल."

"नाही," हेमांगी म्हणाली. ते खरं होतं.

"माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मी घरी पोचले की ती तिच्या खोलीत जाते. उन्हाळ्यापासून. वयच तसं आहे, असं सगळे म्हणतात."

हेमांगीला वाटलं होतं की या बाईला त्रास झालेला पाहून आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"तिलाच विचारा," ती म्हणाली.

"विचारलं," प्रुएट म्हणाली. "ती म्हणते, नाही, मम्मी, मी कशाला घाबरू. लगेच म्हणते. मी वाक्य पुरं करायच्या आत."

प्रुएटने दार उघडलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. डोळे दिपले तिचे. पायऱ्यांखाली गाडी उभी होती. श्रीरंग दाढी न केलेला, अकरा दिवसांत अकरा वर्षांनी म्हातारा झालेला. मागच्या सीटवरून मुक्ता धावत आली आणि तिने आईला इतकं घट्ट धरलं की हेमांगीला श्वास घेता येईना. श्रीरंग जागेवरच उभा होता. ती त्याच्यापाशी गेली तेव्हा तो मागे सरकला नाही. तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. त्याचं काळीज धाडधाड उडत होतं, आणि या वेळी ते कुणासाठी हे मोजून पाहायची गरज नव्हती.

गाडी सुरू झाली. चौकात थांबली तेव्हा मागे दोन गाड्या सोडून एक पांढरी गाडी दिसली. ती त्यांच्यामागे येत होती की आपल्या वाटेने चालली होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"आई, घरी गेल्यावर काय खाशील?" मुक्ताने विचारलं.

"आधी कुठेतरी थांबू या. मला बाथरूमला जायचंय." सकाळपासून तिने धरून ठेवलं होतं. "घरी नको."

श्रीरंगने आरशात पाहिलं. "महामार्गावर एक गॅस स्टेशन आहे. गावाच्या हद्दीबाहेर. बारा मैल. जमेल?"

"जमेल," हेमांगी म्हणाली.

त्याने डावीकडचा दिवा लावला आणि गाडी वळवली.